लेकीच्या बाळंतपणाला म्युनिकमध्ये किती दिवस राहता येईल?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी मूळची पुण्याची, आता न्यू जर्सीत राहते. आम्हा दोघांकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) आहे. लेक-जावई म्युनिकला नोकरी करतात आणि लेकीची तारीख ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. यंदा, २०२६ मध्ये, १२ मार्च ते ५ एप्रिल आम्ही दोघं इटली आणि ग्रीस फिरून आलो. मग २० मे ते १४ जून मी एकटीच लेकीकडे राहून आले. आता १० ऑगस्टला म्युनिकला उतरायचं आणि ६ नोव्हेंबरला परत निघायचं, अशी दोघांची तिकिटं काढली आहेत. हे ८९ दिवस होतात, म्हणजे नव्वदच्या आतच. शिवाय मधे दोन दिवस क्रोएशियाला किंवा लंडनला जाऊन आलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, असं माझे दीर सांगतात. नाशिकहून व्याही आणि विहीणबाईही येणार आहेत. त्यांच्या भारतीय पासपोर्टवर जर्मनीचा वर्षभराचा व्हिसा आहे, त्यामुळे त्यांना वर्षभर राहता येईल असं आम्ही धरून चाललोय. यात काही चुकत नाही ना?

ताई, पहिलं काम म्हणजे तुमचं परतीचं तिकीट बदलून घ्या. १० ऑगस्टला गेलात तर तुमचा म्युनिकमधला शेवटचा कायदेशीर दिवस १२ ऑक्टोबर आहे. ६ नोव्हेंबरपर्यंत राहिलात तर ते २५ दिवस बेकायदा ठरतील. यजमानांचं तिकीट मात्र बरोबर आहे, त्यांना ७ नोव्हेंबरपर्यंत राहता येतं. पासपोर्ट एकाच देशाचे, विमान एकच, तरी दोघांचा हिशेब वेगळा येतो, कारण दिवस माणसागणिक मोजले जातात. मे-जूनमध्ये तुम्ही एकट्या गेला होतात. ते २६ दिवस फक्त तुमच्या खात्यावर आहेत.

आता हा हिशेब कसा येतो ते नीट बघू. तो एकदा हातात बसला की पुढच्या प्रत्येक खेपेला तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

नियम असा: व्हिसाशिवाय आलेल्या माणसाला शेंगेन देशांत (आपापसांतल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणारे युरोपातले २९ देश, जर्मनी त्यांतलाच) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. बहुतेकांचा घोटाळा ‘कोणत्याही’ या शब्दावर होतो. हे १८० दिवस जानेवारीपासून मोजायचे नसतात. पहिल्यांदा उतरलात त्या दिवसापासून पुढेही मोजायचे नसतात. मुक्कामातला प्रत्येक दिवस घ्यायचा, त्या दिवसासकट मागे १८० दिवस जायचं आणि त्यात आपण शेंगेनमध्ये किती दिवस होतो ते मोजायचं. उत्तर ९० किंवा कमी आलं तर तो दिवस वैध. ९१ आलं की तिथून पुढचा मुक्काम बेकायदा. आज वैध असलात म्हणून उद्या असालच असं नाही, कारण उद्यासाठी मोजणी नव्याने करायची असते.

उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरायचे. रात्री अकराला उतरलात तरी तो एक दिवस. म्हणून तुमची मार्चची सहल २५ दिवसांची (मार्चचे २० आणि एप्रिलचे ५) आणि मे-जूनचा मुक्काम २६ दिवसांचा (मेचे १२, जूनचे १४). एकूण ५१.

१० ऑगस्टपासून मागे १८० दिवस गेलं की १२ फेब्रुवारी येते. तुमच्या दोन्ही खेपा त्याच्या अलीकडच्या, म्हणजे ५१ च्या ५१ दिवस हिशेबात धरले जातात. नव्वदातून एक्कावन्न वजा केले की ३९ उरतात, आणि पुष्कळ लोक इथेच थांबतात. ते १७ सप्टेंबरचं तिकीट काढतात आणि हक्काचे दिवस सोडून देतात. खरं तर हिशेब इथे संपत नाही, कारण दिवस पुढे सरकतो तशी मागची हद्दही पुढे सरकते. ८ सप्टेंबरला तुमचा १२ मार्चचा दिवस १८० च्या बाहेर पडतो. ९ सप्टेंबरला १३ मार्चचा. अगदी रहाटगाडग्यासारखं: एका बाजूने नवा दिवस भरतो, दुसऱ्या बाजूने जुना रिकामा होतो.

आकड्यांत सांगायचं तर ७ सप्टेंबरला तुमचे ८० दिवस भरलेले असतील (जुने ५१ आणि नवे २९). ८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर हा आकडा ८० वरच राहील, कारण या २५ दिवसांत मार्चच्या सहलीचे २५ दिवस एकेक करून गळतील. ३ ऑक्टोबरपासून गळायला काही उरत नाही, तेव्हा आकडा पुन्हा चढू लागतो: ८१, ८२, आणि १२ ऑक्टोबरला ९०. मेचा पहिला दिवस गळायला १६ नोव्हेंबर उजाडतो, म्हणून १३ ऑक्टोबरला राहायला जागा नाही. १० ऑगस्ट ते १२ ऑक्टोबर असे सलग ६४ दिवस तुम्हाला मिळतात. ३९ पेक्षा बरेच जास्त, ८९ पेक्षा बरेच कमी.

‘तीन महिने’ आणि ‘९० दिवस’ यांची गल्लत करू नका. १० ऑगस्ट ते १० नोव्हेंबर धरलं तर ते ९३ दिवस होतात.

यजमानांचं सोपं आहे. ५ एप्रिलनंतर ते सलग नव्वदहून जास्त दिवस शेंगेनबाहेर होते. अशा माणसाला पुन्हा पूर्ण ९० दिवस मिळतात, तिथे हा सगळा खटाटोप लागत नाही. वेळ नसेल तेव्हा हा आडाखा सर्वांत सुरक्षित: सलग ९० दिवस बाहेर, मग ९० दिवस आत. तुमच्या बाबतीत तो लावायचा तर १४ जूननंतर ९० दिवस १२ सप्टेंबरला संपतात. १३ सप्टेंबरला उतरलात तर थेट ११ डिसेंबरपर्यंत राहता येईल. पण बाळ ऑगस्टमध्ये येणार, आणि त्या वेळी आई जवळ हवी. म्हणून हा पर्याय मी तुमच्यासाठी पुढे करत नाही.

त्यापेक्षा दोघांनी एकत्र जायचा हट्ट सोडा, असं मी सुचवेन. बाळंतिणीला खरी गरज पहिल्या चार-पाच महिन्यांची असते. चारही आजी-आजोबा एकदम येऊन एकदम गेले, तर त्यानंतर ती एकदम एकटी पडते. तुम्ही १० ऑगस्टला जा. यजमानांनी १५ सप्टेंबरला यावं, म्हणजे त्यांना १३ डिसेंबरपर्यंत राहता येईल. तुम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडा आणि नोव्हेंबरच्या मध्यावर परत या. १६ नोव्हेंबर ते ११ डिसेंबर या काळात मे-जूनचे २६ दिवस रोज एक याप्रमाणे गळतात, तेवढेच २६ दिवस तुम्हाला पुन्हा मिळतात. त्यानंतर नाताळात राहायचा विचार मात्र करू नका. तुमच्या ऑगस्टच्या दिवसांचं गळणं ६ फेब्रुवारी २०२७ ला सुरू होईल.

तिकीट १२ ऑक्टोबरचं काढू नका, ९ चं काढा. विमान रद्द होणं, विमानतळावरचा संप, बाळाला अचानक दवाखान्यात न्यावं लागणं, यातलं काहीही शेवटच्या दिवशी झालं तर तुमच्याकडे सवड उरत नाही. हाती ठेवलेले तीन दिवस वायाही जात नाहीत. ९ ऑक्टोबरला निघालात तर १६ ऐवजी १३ नोव्हेंबरला परत येता येतं, आणि शेवटची तारीख ११ डिसेंबरच राहते. ६१ आणि २९, एकूण नव्वदच.

हा हिशेब माझ्यावर विसंबून न ठेवता स्वतः पडताळून बघा. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर शेंगेन मुक्कामाचा कॅल्क्युलेटर मोफत आहे. जुन्या खेपांच्या आत-बाहेरच्या तारखा भरायच्या आणि नियोजनाचा पर्याय निवडून नवी प्रवेशाची तारीख टाकायची. तो तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने घेतो. अमेरिकेत इतकी वर्षं काढल्यावर हात आपोआप महिना आधी लिहितो, आणि १० ऑगस्टचा ८ ऑक्टोबर होऊन बसतो. सगळं उत्तर चुकतं आणि कळतही नाही. वहीत महिन्यांची नावं अक्षरात लिहून घ्या, मगच भरा. जुन्या तारखा आठवणीवर भरू नका, पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास समोर ठेवा. उतरण्याची तारीख म्हणजे शेंगेनच्या पहिल्या विमानतळावर पासपोर्ट तपासला गेला ती. नूअर्कहून ९ ऑगस्टच्या रात्री निघून १० ला म्युनिकला पोचलात तर १० तारीख धरायची. परतताना लिस्बनमार्गे गेलात तर बाहेर पडण्याची नोंद म्युनिकला होत नाही, लिस्बनला होते. तिथे रात्र काढलीत तर एक दिवस वाढला. लंडनमार्गे आलात तर लंडनचा वेळ मोजला जात नाही.

आता दीरांचा सल्ला. क्रोएशियाला जाऊन यायची युक्ती एके काळी उपयोगाची होती, पण १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया स्वतःच शेंगेनमध्ये आहे. तिथे घालवलेला दिवस म्युनिकमधल्या दिवसासारखाच मोजला जातो. बल्गेरिया आणि रोमानियाचंही तेच. हवाई आणि सागरी मार्गांवरची तपासणी मार्च २०२४ मध्ये गेली, रस्त्यांवरची १ जानेवारी २०२५ ला, आणि शेंगेन देशांची संख्या २९ झाली. त्याआधीचे जुने सल्ले अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनश्टाइन युरोपियन युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. म्युनिकहून झुरिकला गेलात तर ‘बाहेर’ गेला नाहीत. मोनॅको, व्हॅटिकन किंवा सान मारिनोला सीमेवर तपासणीच नाही, त्यामुळे तिथे गेल्याने बाहेर पडल्याची नोंद होण्याचा प्रश्नच येत नाही.

लंडन खरोखर बाहेर आहे. आयर्लंड आणि सायप्रसही. युनियनमध्ये असूनही हे दोन देश शेंगेनमध्ये नाहीत. पण लंडनला दोन दिवस गेलात तर मोजणी शून्यावर येत नाही. मधले जे दिवस तुम्ही शेंगेनमध्ये पाऊलही ठेवलं नाही, तेवढेच मोजले जात नाहीत. शुक्रवारी निघून रविवारी आलात तर शुक्रवार आणि रविवार दोन्ही शेंगेनच्या खात्यावर जातात, वाचतो फक्त शनिवार. तेवढ्यासाठी तान्ह्या बाळाला सोडून विमानतळ गाठणं शहाणपणाचं नाही.

लंडनचा खरा उपयोग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मधल्या काळात आहे. एवढ्यासाठी न्यू जर्सीला परत जायचं नसेल, तर ते चार-पाच आठवडे इंग्लंडमध्ये काढता येतील. अमेरिकन पासपोर्टवर तिथे पाहुणा म्हणून एका खेपेत सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. निघण्याआधी तिथली ऑनलाइन प्रवास परवानगी, म्हणजे ईटीए, काढावी लागते. ओळखीचं कुणी नसेल तर अल्बानियाही विचारात घ्या. अमेरिकन नागरिकांना तिथे वर्षभर व्हिसाशिवाय राहता येतं आणि तिथले दिवस शेंगेनमध्ये धरले जात नाहीत.

‘पंचवीस दिवस जास्त झाले तर कोण बघतंय?’ असं घरात कुणीतरी म्हणेलच. पूर्वी अधिकारी पासपोर्टची पानं उलटून शिक्के मोजायचे, आणि एखादा पुसट शिक्का सुटूनही जायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमांवर ईईएस ही संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि पूर्ण अंमलासाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. पहिल्या खेपेला चार बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, मग प्रत्येक प्रवेश आणि निर्गमन त्या नोंदीला जोडलं जातं. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. उरलेले दिवस यंत्रच मोजतं आणि मुदत उलटलेल्यांची यादीही आपोआप तयार होते. नवा पासपोर्ट काढला तरी ठसे तेच राहतात. नोंद साधारणपणे तीन वर्षं राहते. बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर पाच.

मुदत उलटली तर काय होतं, हे देशावर आणि दिवसांवर अवलंबून असतं. दंड होऊ शकतो, प्रवेशबंदी लागू शकते. ती बंदी शेंगेनच्या सामाईक यादीत गेली तर एका देशापुरती राहत नाही, एकोणतीसही देशांची दारं बंद होतात. जर्मनीत परवानगीशिवाय राहणं हा फौजदारी गुन्हाही ठरू शकतो. नातवंडाच्या पहिल्या वाढदिवसाला जाता येऊ नये, इतकी किंमत पंचवीस दिवसांसाठी मोजू नका.

यंत्रही चुकू शकतं. घाईत एखाद्या सीमेवर निर्गमनाची नोंद राहिली, तर पुढच्या वेळी तुम्ही तेव्हापासून आतच आहात असं दिसेल. तुमची मार्चची सहल तर पूर्ण अंमलाच्या आधीची आहे, काही शिक्क्यावर, काही यंत्रात अशी सरमिसळ तिथे असू शकते. म्हणून ५ एप्रिल आणि १४ जूनचे बोर्डिंग पास, त्यानंतरची अमेरिकेतली बँकेची किंवा दवाखान्याची तारीखवार कागदपत्रं एका फाइलमध्ये ठेवा. तुम्ही बाहेर होतात हे त्यांनी सिद्ध करता येतं. फोनमधल्या तिकिटाच्या छायाचित्रावर भिस्त ठेवू नका, छापून घ्या.

आणखी एक परवानगी येऊ घातली आहे, एटियास. व्हिसाशिवाय येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ऑनलाइन काढायची. २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत ती सुरू होईल असं जाहीर झालं आहे, म्हणून नोव्हेंबरच्या खेपेआधी एकदा तपासा. शुल्क २० युरो, सत्तरीपुढच्यांना आणि अठराखालच्यांना माफ, मुदत तीन वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत. अर्ज फक्त युरोपियन युनियनच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. तशीच दिसणारी आणि जास्त पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळं आहेत. आणि तीन वर्षांची एटियास मिळाली म्हणजे तीन वर्षं राहायची मुभा नव्हे. ९० दिवसांचा नियम तसाच राहतो.

नव्वदहून जास्त दिवस कायदेशीरपणे राहायचंच असेल तर त्या देशाचा स्वतःचा निवास परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. त्यावर त्या देशात राहिलेले दिवस नव्वदात धरत नाहीत. जर्मनीत यासाठी अमेरिकन पासपोर्टला एक सोय आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया आणि इस्रायलच्या नागरिकांना व्हिसाशिवाय उतरून, वैध मुक्कामाच्या आतच तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात परवान्याचा अर्ज करता येतो. पण अर्जाला कारण लागतं. ‘बाळ सांभाळायला आलेली आजी’ असं कारण जर्मन कायद्यात एरवी बसत नाही. प्रौढ मुलांच्या आईवडिलांना परवाना मिळतो तो असाधारण अडचण असेल तरच.

याला २०२४ मध्ये एक महत्त्वाचा अपवाद झाला, आणि लेकीला पहिला प्रश्न हाच विचारा: तुझं ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना) किंवा कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदा कोणत्या तारखेला मिळाला? १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर मिळाला असेल तर ती आईवडिलांसाठी निवास परवान्याचा अर्ज करू शकते. तिच्याबरोबर कायमस्वरूपी राहणाऱ्या नवऱ्याच्या आईवडिलांनाही ही सोय लागू होऊ शकते. घोडं अडतं ते आरोग्य विम्यावर. राहण्याखाण्याचा खर्च आणि पुरेसा आरोग्य विमा, दोन्ही सरकारी मदतीशिवाय भागतं हे दाखवावं लागतं, आणि प्रवासी विमा त्यासाठी पुरत नाही. पंचावन्नच्या पुढे तिथल्या सरकारी विमा योजनेत शिरणं फार अवघड आहे आणि खासगी विम्याचा हप्ता मोठा असतो. म्हणून आधी विम्याचं लेखी दरपत्रक मिळवा, मग अर्जाचं ठरवा. म्युनिकच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळायला वेळ लागतो, तेव्हा लेकीने आत्ताच ईमेल करावी. मुदतीत अर्ज दिला तर निर्णयापर्यंत मुक्काम वैध धरला जातो आणि तसं प्रमाणपत्र मिळतं. मात्र ते हातात असताना जर्मनीबाहेर जाऊन परत येता येईल असं गृहीत धरू नका. निव्वळ दिवस वाढवायला पोकळ अर्जही करू नका, तो फेटाळला की पुढच्या खऱ्या अर्जाला अडचण येते.

आजारपण, अपघात, विमानसेवा ठप्प होणं अशा हाताबाहेरच्या कारणासाठी मुदतवाढ मागता येते. १२ ऑक्टोबर उलटायच्या आत त्याच कार्यालयाकडे लेखी मागायची, रुग्णालयाचं पत्र जोडून. ‘बाळाला सर्दी आहे’ हे कारण चालणार नाही. ‘आजीचं पाय मोडल्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली आहे’ हे चालू शकतं.

आता व्याह्यांचा व्हिसा. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि आपल्याकडे तो घरोघरी आहे. व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ म्हणजे व्हिसा वापरायची मुदत, आणि शेजारच्या रकान्यातली दिवसांची संख्या म्हणजे प्रत्यक्ष किती दिवस राहायचं ती. वर्षभराच्या बहुप्रवेश व्हिसावरही हा आकडा जास्तीत जास्त ९० असतो आणि तो प्रत्येक १८० दिवसांमागे लागू होतो. वर्षभर राहणं त्यात बसत नाही. त्या रकान्यात ३० किंवा ४५ लिहिलं असेल तर तेवढेच दिवस. नाशिकहून स्टिकरचा स्पष्ट फोटो मागवून लेकीने आजच तो आकडा वाचावा.

आकडा ९० असेल आणि गेल्या सहा महिन्यांत ते युरोपात गेले नसतील, तर त्यांनी १० ऑक्टोबरला यावं. तुम्ही निघालात की दुसऱ्या दिवशी विहीणबाई हजर, आणि त्यांना ७ जानेवारी २०२७ पर्यंत राहता येईल. भारतीय पासपोर्टवर मधेच लंडनला जायचं तर तिथला स्वतंत्र व्हिसा लागतो, हे त्यांना आधीच सांगा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. तो अर्जाच्या वेळी पहिल्या सहलीपुरताच काढलेला असू शकतो, ऑक्टोबरच्या तारखांसाठी तो लागू आहे का ते बघून घ्या.

तुम्हाला दोघांना विम्याची सक्ती नाही, तरी घ्याच. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, सर्वसाधारणपणे अमेरिकेबाहेरचा खर्च देत नाही. पासपोर्ट शेंगेनमधून बाहेर पडायच्या दिवसानंतर किमान तीन महिने वैध हवा. यजमान १३ डिसेंबरपर्यंत राहणार असतील तर त्यांचा १३ मार्च २०२७ पर्यंत. ओसीआय कार्डाचा युरोपच्या सीमेवर काहीच उपयोग नाही, तिथे फक्त पासपोर्ट बघतात.

(गोव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे ते युरोपियन युनियनचे नागरिक, त्यांना ही मोजणी लागू नाही. पण पोर्तुगालमध्ये फक्त जन्मनोंदणी झाली आहे आणि प्रवास भारतीय पासपोर्टवर चालू आहे, अशांना व्हिसाही लागतो आणि नव्वदची मर्यादाही.)

सीमेवर अधिकारी विचारेल: कशासाठी आलात, कुठे राहणार, परत कधी जाणार. खरं तेच सांगा, लेकीचं बाळंतपण आहे म्हणून. फक्त ‘कामाला’ किंवा ‘मदतनीस म्हणून’ असे शब्द वापरू नका, ते नोकरीसारखे ऐकू येतात. लेकीला भेटायला आणि नातवंड बघायला आलो, इतकं पुरे. जवळ ठेवायचे कागद: ९ ऑक्टोबरचं परतीचं तिकीट, लेकीच्या पत्त्याचं नोंदणीपत्र आणि तिच्या परवान्याची प्रत, तिने सही केलेलं साधं आमंत्रणपत्र, विमा आणि खर्चाला पुरेल इतका बँकेचा उतारा. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांदा याल तेव्हा प्रश्न जास्त येतील, कारण यंत्रावर तुमचे जवळजवळ सगळे दिवस भरलेले दिसतील. त्या वेळी कॅल्क्युलेटरचा छापलेला कागद आणि ११ डिसेंबरच्या आतलं तिकीट एकत्र पुढे करा. कॅल्क्युलेटरचं उत्तर अधिकाऱ्याला बांधील नसतं, पण तुम्ही मोजून आला आहात हे त्याला लगेच दिसतं.